फुटपाथवर कापूस

फुटपाथाचं नाव काढू नका माझ्यासमोर. आमच्या दारव्ह्यात रस्ता नवा करून राह्यले होते, तं आईचे गुडघे दुखते म्हणून मीच इंजिनिअर साहेबाच्या मागं लागून फुटपाथ करवून घेतला. पहिल्याच दिवशी आईले घेऊन गेलो, तं फुटपाथभर पावसात भिजलेला कापूस वाळत घातलेला.

कापूसवाला म्हणे, "इकडून नका येऊ भाऊ. चिखल लागला तं व्यापारी हात लावत नाही."

झालं, उतरलो रस्त्यावर. मागून जीपचा हॉर्न वाजला. पाहतो तं तेच साहेब.

"फुटपाथ कायले बांधला मंग?"

मी कापूस दाखवला. साहेब खाली उतरले, मूठभर कापूस दाबून पाह्यला अन् म्हणाले, "ओलाच आहे अजून. परवापर्यंत आईले रोडनंच न्या."