मध्यंतरातला फोन

थोरल्या भावाला या संगीत नाटकाला आणण्यात बहिणीचा हिशेब सरळ होता. विसरत चाललेल्या आईशी कसं बोलावं, हे त्याला सांगून ती थकली होती. गाण्यातून तरी गळी उतरेल. मध्यंतरात चहाच्या रांगेत दोघं माझ्या पुढेच होती.

“दादा, रुमाल पिळून घे, अजून दुसरा अंक बाकी आहे.”

“काय गायली गं ती मुलगी! म्हातारी सारखी विचारते, ‘हे कुठे गेले?’ आणि ही दर वेळी त्यांची एक आठवण गाते. ‘ते वारले’ असं एकदाही म्हणत नाही.”

“मग घरी तू का म्हणतोस?”

“चुकलंच माझं. यापुढे नाही म्हणणार, शप्पथ!”

“माझा फोन वाजतोय. आईच असेल. माझ्या हातात कप आहेत, तूच घे.”

“हं, आई, बोल. कोण, बाबा? अगं, बाबांना जाऊन चार वर्षं झाली! सकाळीच नाही का सांगितलं? आई? अगं, रडतेस काय अशी?”

“दादा, फोन दे इकडे.”

“तोंडातून निघून गेलं गं.”

“घंटा झाली, तू आत जा. मी घरी जाते.”

हिशेब असा मिटला: भावाचा रुमाल भिजला, बहिणीचं अर्धं नाटक बुडालं, आणि घरी आईचा नवरा आज दुसऱ्यांदा वारला.