सायन्सला सोबत

पिरंगुटच्या शाळेत अकरावीचे अर्ज भरून देणाऱ्या मॅडमपुढं पालकांची रांग होती. साळूबाईच्या पुढं एक बाप आणि त्याची लेक उभी होती. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतच होतं.

“आर्ट्सच सांगायचं, मोनाली.”

“आप्पा, बीएस्सी नर्सिंगला सायन्स लागतं.”

“सायन्सला प्रॅक्टिकल असतं. सुटायला सांज हुती.”

“यष्टी असती की तवा.”

“यष्टी फाट्यापतूर. फुडं समदं रान हाय. आर्ट्सच्या पोरी दुपारीच घोळक्यानं येत्यात. सायन्सला आपल्या गावची एक तरी पोरगी हाय का?”

“न्हाई.”

“मग झालं तर. एकटीनं यायचं आसंल तर कालिजच नगं.”

साळूबाईला राहवलं नाही.

“दादा, कुटला फाटा म्हनायचा?”

“मालेचा.”

“आमी तितल्याच, वरल्या वाडीतल्या. माजी लेक रेश्मा पन सायन्स सायन्स करून जेवली न्हाई काल. म्या म्हनलं, सोबत न्हाई, आर्ट्स घे. तेच सांगाय आलीया.”

बापानं वळून लेकीकडं पाहिलं.

“दादा, शाखा कुठली लिहू?” मॅडमनी विचारलं.

तो बाजूला सरकला. “या बाईंचं आदी लिवा. त्या काय सांगत्यात बगू.”

“सायन्स लिवा, मॅडम,” साळूबाई म्हणाली आणि मोनालीला दंडाला धरून पुढं उभं केलं. “आता हिचं.”