केसातलं औषध

(रहमतबीनं सांगितलं ते असं, तिच्याच बोलीत.)

माहेर माहं देऊळगाव राजाचं. बालाजीच्या यात्रेत माह्या बापाचं बांगड्यायचं दुकान लागे, तिथंच मी लहानाची मोठी झाली. बाप म्हने बाईचा हात हातात घेतला का माप कळलं पाह्यजे, मापाची पट्टी काढली तं तो मनियार कसला. मंग लग्न झालं अन् मी इकडं आली, उंद्रीच्या अलीकडं हे आमचं गाव. नवरा सायकलवर बांगड्या इके, तो गेला अन् टोपली माह्या डोक्यावर आली. आमच्या घरात हिंदी बोलतात, पन धंदा सारा मराठीत, अन् मराठी बी इथलीच, कारन बाईसंग तिच्या बोलीत बोललं नाही तं ती हात आवळून धरते अन् बांगडी काही चढत नाही. हात ढिला पडाले बोलनं लागते. हे बापानं नाही शिकवलं, हे मी शिकली.

म्हनून तुम्हाले सांगते ताई, गावातल्या एकूनएक बाईचा हात म्या धरेल हाये. आंधीच्या हाताले शेनाचा, कांद्याचा वास ये. मंग ते नवं बियानं आलं कपाशीचं. जीप आली, भोंगा लावला, आता अळी नाही म्हने, फवारनी नाही म्हने, लोकं नाचले. पहिले काही सालं बोंडं बी चांगले लागले, खोटं काऊन बोलू. पन मंग मावा आला, तुडतुडे आले, मांगून ते गुलाबी अळी बी आली, अन् फवारनी होती त्याच्याहून वाढली. अन् ते औषध ताई, शेतात ठेवलं का चोरी जाते, म्हनून घरात आलं. खाटीखाली, चुलीमांगच्या कोनाड्यात, ज्वारीच्या कोठीमांगं. इष कोनी म्हनतच नव्हतं त्याले, औषधच म्हनत. मंग घरात हाये तं वापरा ना. बैलाच्या गोचिडाले लावा, खाटीतल्या ढेकनाले लावा. अन् मंग एकीनं पोरीच्या डोक्याले लावलं, उवायसाठी. उवा मेल्या, पोरगी जगली. झालं! दुसरीनं लावलं, तिसरीनं लावलं. थेंबभर घ्यायचं, खोबरेल तेलात घोळायचं, चोळायचं अन् फडकं बांधायचं. एखादीले उलटी झाली तं म्हनत पित्त झालं असंन. कोनाची मेली नाही ना, मंग चालते.

कोनाची तरी मरालेच लागते का, सांगा तुम्ही. तेवढ्याचसाठी लोकं थांबून राह्यतात.

ते मेली सविता. आमच्या तीन घरं पलीकडची, कौसाबाईची पोरगी. कौसा अन् मी एकाच साली लग्न होऊन या गल्लीत आलो, माह्या घरी ईद असली का तिच्या घरी शिरखुर्मा जाये, तिच्या घरची पुरनपोळी माह्या घरी ये, एकमेकीचे लेकरं एकमेकीनं नाहू घातले. सविता मले भाभी नाही म्हने, मोठीमाय म्हने. केसं तिचे कमरेखाली. वेचनीले जाये तं डोक्याले रुमाल बांधून जाये, पन वेचनीच्या बाया दुपारी झाडाखाली एकमेकीच्या मांडीवर डोकं टेकून निजतात, मंग उवा काय जात पाहून चढतात का? चढल्या.

लग्न जमलं. साखरपुड्याले नवरदेवाची माय आली, पोरीच्या डोक्यावर पदर ओढतांनी तिले उवा दिसल्या, अन् साऱ्या बायकायमंदी ते म्हनली, येहीनबाई, हुंड्यात उवा बी देता काय. बाया हासल्या. म्या कौसाचं तोंड पाह्यलं, पांढरंफेक पडलं होतं. त्या हास्यानं मारली पोरगी. औषधानं मंग मारली, पहिले त्या हास्यानं.

चुड्याच्या दिवशी मले बोलावलं. हिरवा चुडा घेऊन गेली मी. ओट्यावर बाया जमल्या, गाने चालू. सविता आली, डोक्याले फडकं बांधेल, पाटावर बसली. म्या हात घेतला. ताई, काय सांगू तुम्हाले, वेचनीचा हात तो, खरबरीत, त्याच्यावर बांगडी चढवाले साबन लागते, दाबा लागते, पोरगी आई गं करते. तिचा हात वलाचिंब होता. बांगड्या अशा सरसर गेल्या जशा लहान लेकराच्या हातात जातात. बाया म्हने नवरीले घाम फुटला, सासूचं भेव घेतलं. मी बी हासली. मंग म्या वर पाह्यलं तं तिच्या तोंडातून लाळ गळून राह्यली, हाताले कापरं, अन् डोये... डोयातल्या बाहुल्या मोहरीच्या दान्याएवढ्या. मोठीमाय, म्हने, मले धुकं दिसून राह्यलं. भर दुपारी. अन् तिनं मान टाकली माह्या खांद्यावर, अन् तिच्या फडक्यातून तो वास आला, खोबरेलाच्या आडून, फवारनीच्या वावरातून येते तो वास. म्या कौसाकडं पाह्यलं. कौसानं मान खाली घातली.

म्या म्हटलं डोकं धुवा, पानी आना. पन कोन ऐकते, साऱ्यायनं पोरीले उचललं अन् जीपमंदी घातलं, मी बी चढली. चिखलीच्या दवाखान्यात डाक्तरनं पाह्यल्याबरोबर इचारलं, काय पेली? नर्सबाई सलाईनची नस पाहाले गेली, नस सापडेना, तं तिनं माह्या हातानं भरेल बांगड्या टचाटच फोडल्या, हिरवा चुरा पडला साऱ्या फरशीवर. म्या वरडली, डाक्तरसाहेब, पेली नाही, केसाले लावेल हाये, केसं धुवा तिचे. डाक्तर कौसाकडं वळला. चांगला मानूस होता तो, नीट इचारलं त्यानं, बाई, तुम्ही माय हा ना, केसाले काय लावलं? अन् कौसा म्हनली, खोबरेल तेल, साहेब. बाकी काही नाही. लेकराची शपथ.

लेकराची शपथ, ताई! लेकरू समोर पडेल.

डाक्तर मायवर इस्वास ठेवन का शेजारनीवर? त्यानं मायवर ठेवला. नाकातून नळी घातली, पोट धुतलं. पोटात काय होतं तिच्या, सकाळचा च्या. अन् तिकडं डोक्यात मुरूनच राह्यलं. मले भायेर काढलं, मी वरडून राह्यली म्हनून. अंधार पडाच्या आंधी पोरगी गेली. मंग घरी आनल्यावर कौसानंच तिचे केसं धुतले, शिकाकाई लावून. तवा धुतले.

मंग पोलीस आले, कागदावर लिवलं का पोरीनं औषध पेलं. अन् पेलं म्हटल्यावर गावाले काऊन पेलं हे सांगाच लागते ना. कोनी म्हने तिचं कोनाशी होतं. कोनी म्हने पोटुशी होती. एका पोराचं नाव बी लावलं, शिलाई मशीनवाल्याच्या पोराचं, तो बिचारा गाव सोडून जालन्याले गेला, परत काही आला नाही. नवरदेवाकडचे म्हने बरं झालं, आंधीच कळलं. ज्या सासूनं उवायवरून हासवलं तेच म्हने, आम्ही वाचलो. कौसानं हे सारं आपल्या कानानं आयकलं. ओट्यावर बसून आयकलं. एक शब्द बोलली असती, का माह्या हातानं झालं, अडान्यावानी झालं, तं पोरगी निदान मेल्यावर तरी नितळ राह्यली असती. नाही बोलली. पोरीची राख झाली अन् वरून शेन बी पडलं, अन् माय पाहात राह्यली.

मी बोलत राह्यली. मंग लोकायले माह्याच जिभेचा राग आला. म्हने मनियारनीच्या हातचा चुडा दुपारलेच फुटला, तिचाच हात वंगाळ, अन् आता मायवर घालून राह्यली. लग्नाच्या चुड्याले मले बोलावनं बंद झालं. सनासुदीले बोलावत, बारशाले बोलावत, पन नवरीचा हात काही माह्या हातात दे ना कोनी. बांगडी भरली का बाई मनियारनीले हात जोडते, रीत हाये ते, अन् आपन म्हनायचं तुहा हात भरेल राहो. लोकं माह्या आशीर्वादालेच भ्याले. कौसा समोरून जाये तं मान फिरवे.

पन हात तं धराच लागते धंद्यात, अन् हात धरला का बाई कुठी पळत नाही. आंधी अर्धी बांगडी चढवायची, तिथं थांबायचं अन् म्हनायचं, बाई, पोरीच्या डोक्याले कपाशीचं औषध लावशीन नको, फनी फिरव, घासलेट बी नको, नुसती फनी फिरव. हो म्हटल्यावरच बांगडी पुढं सरकवायची. हासत काही बाया. म्हनत भाभीले येड लागलं, एकच रेकार्ड वाजते. वाजू द्या म्हटलं. पायी, डोक्यावर टोपली घेऊन, गावोगाव मी हेच करत फिरली. कितीकीनं ऐकलं, कितीकीनं नाही, मले काय ठाव.

आता माही नातीन शाहीन, चिखलीच्या कालेजात हाये. तिथं पर्यावरन नावाचा इषय हाये. गावातले मानसं पारावर बसून तिले इचारत, काऊन बे पोरी, पर्यावरन शिकून काय वाघ मोजाले जाशीन? मले बी पहिले वाटे झाडं लावाचं शिकवत असतीन. शाळेची फेरी निंघते ना, झाडे लावा झाडे जगवा, फलक घेऊन पोरं कपाशीच्या धुऱ्याधुऱ्यानं जातात, बाजूले फवारनी चालू राह्यते अन् पोरं नाकाले रुमाल लावून घोषना देतात! पन शाहीन एक दिवस मले म्हने, दादी, घरातलं औषध कुठी ठेवतात, डब्बा रिकामा झाला तं त्यात काय भरतात, विहिरीजवळ फवारनीचा पंप कोन धुते, हेबी पर्यावरनच हाये, हेच शिकाचं हाये. म्या म्हटलं बेटा, सवितानं हे शिकलं असतं तं? तिच्या मायनं शिकलं असतं तं? दवाखान्यात खोबरेल म्हननारी माय वाईट नव्हती हो ताई, तिले वाटलं लावेल औषध काही लागत नाही, पेलेलंच लागते, म्हनून उगाच कबूल काऊन व्हाचं. न माहीत असनं कोनाले मारते ते पाहा. मी तिले माफ केलं असं नका समजू. समजलं, एवढंच.

शाहीननं शाळेच्या वऱ्हांड्यात बायकायची बैठक घेतली. चांगली बोलली पोरगी, न भेता. चामडीतून अंगात जाते म्हने, डोक्याच्या चामडीतून तं लवकर जाते, तेलात घोळलं तं आनखी लवकर. कौसा समोरच बसेल होती. तेलाचं नाव निंघालं अन् ते उठली, चप्पल बी घातली नाही, तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माह्या दारात आली. इतक्या सालानं. संग तिच्या पोराची पोरगी, लहानशी. म्हने भाभी, हिच्या हातात बांगड्या भर. म्या टोपली काढली. बसली ते, अन् लेकराचं डोकं माह्या नाकाशी धरलं, म्हने हुंग, भाभी. म्या हुंगलं. साधं खोबरेल. म्हने रोज फनी करते, मी सोता करते, सुनेले हात लावू देत नाही. मंग म्हने, एक सांग. त्या वक्ती मी हो म्हटलं असतं तं वाचली असती काय?

मले काय ठाव ताई, मी काय डाक्तर हाओ? वाचली असती, नसती, खुदाले ठाव. कोनी दुसरी असती तं म्हनली असती, जाऊ दे कौसा, तिचं तेवढंच होतं. मी म्हटलं, हाव. वाचली असती.

ते रडली बी नाही. लेकराचा हात पुढं केला, म्या बांगड्या भरल्या. म्या म्हटलं, आता बायकायमंदी उठून सांग, दुसऱ्याच्या पोरी तरी वाचतीन, अन् तुह्या पोरीवरचा डाग बी जाईन. म्हने मी मेल्यावर सांग भाभी. मी म्हटलं, मी आंधी मेली तं? कौसा उठली, लेकराले हात जोडाले लावले, रीतीपरमान. म्या म्हटलं, बेटा, तुहा हात भरेल राहो, तुहं डोकं नितळ राहो. ते मनापासून म्हटलं. लेकराचा काय गुन्हा.

कौसा अजून हाये. आज सकाळीच नळावर दिसली. मी काही तिच्या मरनाची वाट पाहात थांबत नाही, माह्याच पायाचा भरोसा राह्यला नाही. म्हनून तुम्हाले सांगितलं. तुम्ही लिवा. मायचं नाव खरं नका लिवू, कौसा काही तिचं नाव नाही, म्या आताच ठेवलं ते. गावातल्यायले वळखू येईन तं येऊ द्या. पन पोरीचं नाव खरं लिवा, सविता. अन् त्याच्या म्होरं लिवा का तिनं पेलं नव्हतं.