जिंकली, एवढंच लिही

नाही, नाही, शिडी सोडत नाही मी. घट्ट धरलीय. तुम्ही वर निवांत उभे राहा. फक्त तो कटर दोरीवरून जरा बाजूला घ्या – हां, असा. फ्लेक्स बेकायदेशीर आहे हे तुम्ही मघाशीच सांगितलंत आणि मी तेव्हाच कबूल केलं. हिंदुराव खोटं बोलत नाही, सगळ्या खराडीत विचारा. परवाना काढला नाही. का काढला नाही? परवा ती जिंकली, काल फ्लेक्स छापला, आज ती घरी येतेय – मधे परवाना कुठे बसवणार? तुमच्या महापालिकेच्या कार्यालयात अर्ज घेऊन उभा राहिलो असतो तर दिवाळी तिथेच झाली असती. रागावू नका. जिलेबी खाल्लीत ना? तुमच्या गाडीतल्या दोघांनी खाल्ली. दोन-दोनदा खाल्ली. मी म्हटलं, घ्या, सरकारी पोटालाही भूक लागते.

कोण म्हणजे? मधोमध निळ्या जर्सीत उभी आहे ती. उत्कर्षा. आमची नातसून, पृथ्वीराजची बायको. डावीकडे फेट्यात मी. हो, माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आलाय, ते फ्लेक्सवाल्याचं काम, मी त्याला काही बोललो नाही – म्हणजे मोठा कर असं बोललो नाही, लहान कर असंही बोललो नाही. बास्केटबॉल खेळते ती. गल्लीतला नव्हे. देशाची लीग असते, शहराशहरांचे संघ, पगार देऊन खेळाडू घेतात, आपल्या पुण्याचाही संघ आहे. कंपनीतून बिनपगारी रजा टाकून दोन महिने संघासोबत राहायला गेली. मूळची नागपूरची. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा कपाळ धाडकन चौकटीवर आपटलं. आमची मंडळी, मथुराबाई, मला आत नेऊन म्हणाली, पोरगी आपल्या पोरापेक्षा वीतभर उंच आहे, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, जे म्हणतील ते मान वर करून म्हणतील. आणि आठवड्यात गवंडी बोलावून चौकट वर घेतली. माझ्या घराच्या विटेला कुणी हात लावलेला मला चालत नाही. पण घेतली.

उन्हात उभे आहात, पाणी देऊ का वर? नको? बरं.

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. आता कळतं. बालेवाडीला त्यांचा सामना होता, मी घरी सांगितलं डोळे तपासायला चाललोय. एकटा गेलो, दोन बसा बदलून. कुणाला सांगू नका, मथुराबाईला अजून वाटतं डॉक्टरांनी थेंब घातले. तिथे काय झालं – हसू नका – तिने मधल्या दोघींना चकवून असा बॉल टाकला, असा, की मला राहवलंच नाही. आमच्याकडे जत्रेच्या कुस्तीत चांगला डाव बघितला की माणूस उठतो, मैदानात जातो, पैलवानाच्या हातात बक्षीस देतो. मी उठलो. शंभराची नोट काढली आणि गेलो. खेळ चालू होता हो. पंच शिट्ट्या फुंकतायत, मला वाटलं माझंच कौतुक चाललंय. दोन रखवालदारांनी मला उचलून खुर्चीत आणून ठेवला – ठेवला म्हणजे, मीच बसलो. आणि ती, आमची सूनबाई, तोंडावर टॉवेल घेऊन उभी. मला वाटलं लाजेने रडतेय. खांदे हलत होते. हसत होती! त्या दिवशी हरले ते. पण हसली.

काय? फ्लेक्सवर नुसतं ‘जिंकली’ का? फ्लेक्सवाल्यानेही हेच विचारलं. आजोबा, काय जिंकली, लीग का, कप का, मेडल का? मी म्हटलं, जिंकली, एवढंच लिही. उत्कर्षा जिंकली. खाली आमची नावं टाक. झालं. लोकांना समजतं. कितवा नंबर आला? अहो, नंबराचं काय घेऊन बसलात. सहा संघ होते. सहा. त्यात सहावा. आलं ना तोंडून! सहावा आला हो आमचा नंबर, शेवटून पहिला. सगळा हंगाम हरले. बालेवाडीत हरले, बाहेर हरले, एकदा तर इतके हरले की पृथ्वीराजने मोबाइल पालथा ठेवला. चौकात दिगंबर न्हावी मला रोज विचारायचा, आण्णा, सूनबाईंचं काय? मी म्हणायचो, दाढी कर. पण परवा! परवा शेवटचा सामना, पहिल्या नंबरवाल्यांशी, शिट्टी वाजायला आली, आपण एका गुणाने मागे – आणि हिच्या हातात बॉल. घरी टीव्हीसमोर मी उभा. मथुराबाई देवापाशी उभी. हिने उडी मारली, बॉल रिंगवर गोल फिरला, फिरला, मला वाटलं फिरतच राहतो का काय – आणि पडला आत! मी टोपी फेकली ती पंख्याच्या पात्यावर जाऊन बसली आणि गरगरा फिरायला लागली, पंखा बंद करायचं कुणाला सुचेना, मथुराबाई मला म्हणतेय गप बसा, आणि स्वतःच टाळ्या पिटतेय. मी नाचलो. हो, मी. दार लावून नाचलो, पण नाचलो.

आता तुम्ही म्हणाल, सहाव्या नंबराचा एवढा फ्लेक्स? बरोबर. मीही म्हटलं असतं. पण जिंकल्यावर तिचा फोन आला मथुराबाईला. म्हणाली, आजी, बास झालं, आता खेळ सोडते, सोमवारपासून ऑफिसला जाते. तुम्हा सगळ्यांना माझ्यामुळे चौकात मान खाली घालावी लागली. आजोबा तर दोन महिने माझ्याशी बोललेच नाहीत. – मी बोललो नाही! अहो, मला फोनवर बोलताच येत नाही. शाळा तिसरीपर्यंत, चार शब्द समोर बसून जमत नाहीत, ते यंत्रात कुठे जमणार? मथुराबाई फोन पुढे करायची, मी मान हलवायचो. मान हललेली तिकडे दिसते का? तिने भलताच अर्थ काढला. म्हणून हा लावला. मला जे बोलता येत नाही ते मी वीस फूट लिहून ठेवलंय. तिने वाचलं की झालं. वाचायच्या आधी तुम्ही काढलात तर ती घरात येईल, बॅग ठेवेल, बूट माळ्यावर टाकेल आणि माझ्यासमोर जेवायला वाढेल, आणि मी पुन्हा मान हलवीन.

थांबा. ती रिक्षा. लांब पाय बाहेर निघाले ना, तीच ती. आता ती फ्लेक्ससमोर आली, मला मागून काही दिसत नाही, तुम्ही वर आहात, बघा. वाचतेय? वर बघतेय? मग काय करतेय? खाली बसली? रस्त्यातच? नीट बघा हो, रडतेय का हसतेय, लांबून दोन्ही सारखंच दिसतं. दात दिसतात? टॉवेल घेतला तोंडावर? खांदे हलतायत?

बास. आता काढा. सगळ्या दोऱ्या कापा, बेकायदेशीर आहे तो, बघत काय बसलात. आणि शिडी धरायला तुमचा माणूस बोलवा. मी चाललो.