थायलंडचा डास आणि टोकावड्याचा कमळू

नाय, तुमीच सांगा, टोकावड्यात पंचावन्न वर्षं काढली, भाताच्या चिखलात गुडघाभर उभा राहिलो, गोठ्यात झोपलो, डासांनी फोडून खाल्लं, पन कधी काय झालं नाय... आणि चार दिवस थायलंडला गेलो तर डेंगू घेऊन आलो! डास चावला तोही कधी? भर दिवसा!

आमची लेक शीतल नोकरीला लागली, म्हणाली, ‘बाबा, तुमी न् आय कधी विमानात बसला नाय, चला.’ गेलो. हॉटेलात निळ्या पाण्याच्या कडेला शहाळं पीत पसरलेलो. पायावर डास बसला, त्याच्या अंगावर पांढरे पट्टे! आमची बाईजा, मालकीण माझी, बोलली, ‘अवो, पोरीनं दिलेलं डासाचं मलम लावा.’ मी म्हटलं, ‘अगं, आपन गावची मानसं! ह्यो काय करतोय आपल्याला?’ केलं ना त्यानं! भर दिवसा!

घरी आलो न् तिसऱ्या दिवशी ताप. ताप कसला, हाडं कुणी उखळात कांडतंय! मुरबाडला डॉक्टर विचारतात, ‘बाहेरगावी गेलेलात?’ म्हटलं, ‘बँकॉक.’ झालं! आमचा शेजारी महादू फोनवर हळूच, ‘कमळू, खरं सांग... डासच चावला ना?’ अरे, बायको होती रे संगती! आणि भर दिवसा चावला!

दवाखान्यात ठेवून घेतलं, रक्त तपासलं. प्लेटलेट बावीस हजार. मी म्हटलं, वा, भरपूर हायेत! शीतल म्हणाली, ‘बाबा, दीड लाख लागतात,’ न् तोंड फिरवून रडायलाच लागली. बाईजा उशाशी बसून चमच्याचमच्यानं पाणी पाजतेय. मीच म्हटलं, ‘मलम लावायला पायजे होतं गो.’ तर म्हणते, ‘आता गप ऱ्हावा, नि बरे व्हा.’ तुमाला सांगतो, भांडली असती तर बरं वाटलं असतं!

पाचव्या दिवशी आकडा चढला, आठव्या दिवशी घरी आलो. बघतो तर आरोग्यखात्याची काजल पदर खोचून आळीतली पिंपं उपडी करत होती! ‘काका, साठलेल्या पाण्यात डास वाढतो. तुमच्यामुळं सगळी आळी तपासायची हाय.’ पलीकडच्या घरचा भगीरथ बोंबलतोय, ‘बँकॉकला गेला ह्यो, न् पानी सांडलं माझं!’

आता डेंगू हा शब्दच गावातनं गेलाय हो. कुठं हंडा उघडा दिसला की आळीतली सकुबाई सुनेवर ओरडते, ‘झाक गो ते, नायतर घरात कमळू व्हईल!’

मी पन उठतो, न् आमचा हंडा झाकतो.