खोली नंबर

बेटावरच्या स्पाइट्सटाउन गावाच्या बसथांब्यावर व्हर्ना ब्रेडफ्रूटच्या फळांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारी ओल्या केसांनी उभी होती, हातात पोहायचा चष्मा आणि श्वासाची नळी. तिच्यापाठोपाठ हॉटेलच्या पहारेकऱ्याच्या गणवेशातला तरुण आला.

"मला खोली नंबर विचारलास, शेरविन? मला?" म्हातारी त्याच्यावर कडाडली.

"मावशी, हॉटेलचे पाहुणे कोण ते कळायला सगळ्यांनाच विचारावा लागतो."

"पाण्यात तोंड घालून मासे बघत होते. कुणाचं काय घेतलं? आणि त्याच पाण्यात तुला पोहायला कुणी शिकवलं रे मेल्या? तुझ्या साहेबानं?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! गोऱ्यांसमोर माझा दंड धरून बाहेर काढताना नाही लाज वाटली?"

"समुद्र सगळ्यांचाच गं, पण फाटकातून किनाऱ्यावर जाणारी वाट हॉटेलची आहे. पलीकडच्या खाडीतून पोहत आलीस, तर मी अडवणार नाही."

"या वयात खाडीच्या टोकाला वळसा घालून येऊ? माझ्याच समुद्रात?"

"मग काय, नोकरी सोडू?"

"नको सोडूस. उद्या सुट्टी आहे ना तुझी? हा गणवेश घरी ठेव, माझा चष्मा घे आणि त्याच फाटकातून आत जा."

"कशाला?"

"तुलाही खोली नंबर विचारतात की नाही, ते बघायला."