माळ्यावरचा कडबा

टिनाच्या घराचं म्हणता, तर आमच्या बाबाचं ऐका. किन्हीराजातल्या घरावर बाबानं नवे टिन टाकले अन् चैतातच घराची भट्टी झाली. टिन ठोकणारा रहीमचाचा बाबाचा जुना दोस्त. तो म्हने, "टिनाखाली माळ्यावर मातीचा जाड थर दे. म्या माह्या घरी तेच केलं."

बाबा म्हने, "मातीले मजूर लागते. कडबा घरचा हाये, फुकटचा."

अन् ज्वारीच्या कडब्यानं माळा गच्च भरला. मग दोघंही दुपारी एकमेकाच्या घरी लोळून पाहत. शेवटी रहीमचाचानंच कबूल केलं, "तुयंच घर जास्त थंडं हाये, भाऊ."

बाबा महिनाभर छाती काढून फिरले. मग गंजीतला चारा सरला. आई रोज माळ्यावरच्या दोन पेंढ्या काढून बैलापुढे टाके. जेठ लागला तवा माळा रिकामा झाला, अन् बाबा चटई घेऊन रहीमचाचाच्या दारात उभे.

चाचानं पाणी देलं. म्हने, "माती कोनी खात नाही ना, भाऊ."

बाबानं घाम पुसला. म्हने, "खरं हाये. पन माहा बैल पाह्यला काय, कसा तगडा दिसून राह्यला?"